हारी रायाला मलय गावी जाताना: तारीख ठरवण्यापासून डबा परत करण्यापर्यंत

रमजानचा शेवटचा आठवडा आला की क्वालालंपूर रिकामं व्हायला लागतं. ऑफिसातली अर्धी माणसं रजेवर, बस स्थानकावर बोचकी आणि पेंगुळलेली पोरं, हमरस्त्यावर गाड्यांच्या न संपणाऱ्या रांगा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई सोडणारे चाकरमानी ज्यानं पाहिलेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मलय लोक याला ‘बालिक कांपुंग’ म्हणतात. बालिक म्हणजे परतणं, कांपुंग म्हणजे गाव. तिथं नोकरीला असताना पहिली दोन वर्षं मी ही सुट्टी त्या ओस शहरातच काढली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘आमच्याकडे येतोस?’ त्याचं गाव पेराक राज्यात, क्वाला कांगसारजवळ. तेव्हापासून ओळखीचे मराठी लोक मलेशियाला निघाले की मला विचारतात, सणाला एखाद्या गावात जाता येईल का, आणि कसं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावरून ठरतं. हारी राया आयदिलफित्री, म्हणजे रमजान ईद, ही मलय कुटुंबात एकमेकांची माफी मागण्याची वेळ असते. सणाची पहिली सकाळ घरच्यांची. मुलगा आईसमोर गुडघे टेकून बसतो, तिचा हात डोळ्यांना लावतो, वर्षभराचं बोललेलं-न बोललेलं मागे टाकून माफी मागतो, आणि बहुतेक घरांत त्या वेळी दोघंही रडतात. तिथं परक्या माणसानं कॅमेरा घेऊन उभं राहू नये. दुसऱ्या दिवसापासून मात्र तेच घर असं उघडतं, की तुम्ही जेवल्याशिवाय तुम्हाला जिना उतरू देत नाहीत.

तारीख: कॅलेंडरवर विसंबू नका

हा सण रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो, आणि ती चंद्रदर्शनावर ठरते. २०२४ साली मलेशियात तो १० एप्रिलला होता, २०२५ साली ३१ मार्चला. दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे २०२७ साली मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येईल. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर शोधतात आणि रात्री राजमुद्रेचे रक्षक टीव्हीवर येऊन तारीख जाहीर करतात. त्या पदाच्या मलय नावात ‘मोहोर’ हा आपल्या ओळखीचाच शब्द आहे. घोषणा झाली की गावात एकच धांदल उडते, कारण उद्या सण की परवा हे तेव्हा पक्कं होतं.

म्हणून विमानाची तिकिटं काढताना सणाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन दिवस मोकळे ठेवा. सरकारी सुट्टी दोन दिवसांची असते, पण सण महिनाभर चालतो. शव्वालभर ‘रुमा तरबुका’, म्हणजे उघडं घर, चालू असतं. एकेक कुटुंब एकेक दिवस ठरवून सगळ्यांना जेवायला बोलावतं, त्यात चिनी आणि तमीळ शेजारीही असतात. ज्याची गावात काहीच ओळख नाही, त्यानं सणानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवार-रविवारी जावं असं मी आग्रहानं सांगेन. गर्दी ओसरलेली असते, यजमान दमलेले नसतात, आणि लेमांग (बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात) आणि रेन्दांग (नारळ-मसाल्यात परतलेलं मांस) तेव्हाही तितकंच मिळतं.

हारी राया हाजी, म्हणजे बकरी ईद, हा वेगळा सण. केलांतान आणि तरेंगानू या पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांत त्याचं महत्त्व फार मोठं आहे आणि लोक त्यालाही गावी जातात. त्या सकाळी मशिदीच्या आवारात सगळ्यांसमोर कुर्बानी होते, बहुतेक वेळा गाई-बैलांची किंवा रेड्यांची. आपल्यापैकी अनेकांना ते पाहवणार नाही. पहिली भेट रमजान ईदेलाच ठेवा.

कोणतं गाव

ओळखीच्या माणसाचं असेल ते. याला तोड नाही. मलेशियात तुमचा एखादा मलय सहकारी, वर्गमित्र, घरमालक असेल तर लाजू नका, ‘रायाला गावाकडे काय करता?’ एवढं विचारा. आमंत्रण बहुतेक वेळा आपणहून येतं. आलं नाही तर मात्र मागू नका.

निवड हातात असेल तर प्रांताप्रांतातला फरक लक्षात घ्या. पेराकमध्ये रेन्दांग तोक मिळतो, कोरडा, काळसर, तासन्‌तास परतलेला. त्यात ‘करिसिक’ घालतात, म्हणजे खोबरं तांबूस भाजून तेल सुटेपर्यंत कुटलेलं वाटण. आपल्या भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाचा वास ज्याच्या नाकात आहे त्याला त्या स्वयंपाकघरात परकं वाटत नाही. क्वाला कांगसार हे तिथल्या राजघराण्याचं गाव. १९१७ साली पूर्ण झालेली उबुदिया मशीद, एकही खिळा न वापरता १९२६ साली बांधलेला इस्ताना कनांगान हा लाकडी राजवाडा, आणि नदीपलीकडे सायोंग गावातले काळे भोपळ्याच्या आकाराचे मातीचे कुजे. रेल्वे थेट जाते, ही मोठी सोय.

नगरी सम्बिलानमध्ये सुमात्राहून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांची वस्ती. घरांची छपरं रेड्याच्या शिंगांसारखी टोकांना वर वळलेली, वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते, आणि जेवण इतकं तिखट की मिरजेच्या माणसालाही घाम फुटावा. तरेंगानूत सणाच्या सकाळी नासी दागांग खातात, नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि माशाचं कालवण. जोहोरच्या मुआर, बातू पाहात भागात ‘बाराआन’ नावाची प्रथा आहे. गावातले पुरुष टोळी करून एकेका घरी जातात, दुआ म्हणतात, थोडं खातात आणि यजमानालाच सोबत घेऊन पुढच्या घरी निघतात.

वेळ फारच कमी असेल तर मलाक्का शहरातलं कांपुंग मोर्तेन आहे. नदीच्या वळणावर लाकडी मलय घरांची ही जुनी वाडी शहराच्या मधोमध टिकून आहे आणि तिथलं व्हिला सेन्तोसा हे राहतं घर कुटुंबानंच पाहुण्यांसाठी खुलं ठेवलेलं आहे. क्वालालंपूरमध्ये १९०० साली मलय शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेलं कांपुंग बारू आहे, आता चहूकडून उंच इमारतींनी वेढलेलं. एका संध्याकाळीपुरतं दोन्ही छान, पण तिथं मुक्काम केल्यानं गावाचा अनुभव येत नाही.

राहण्याची सोय आणि ‘होमस्टे’ शब्दाचा घोळ

इथं बहुतेक जण फसतात. मलेशियात ‘होमस्टे’ अशी पाटी लावलेलं घर म्हणजे अनेकदा रिकामं, किल्ली देऊन भाड्यानं दिलेलं घर. मालक तिथं राहतच नाही. बाहेरगावी आलेली मोठी मलय कुटुंबं अशी घरं सणासाठी घेतात. तुम्हाला हवा तो प्रकार वेगळा. पर्यटन मंत्रालयाच्या नोंदणीकृत होमस्टे कार्यक्रमात तुम्ही गावातल्या कुटुंबाच्या घरात राहता, त्यांच्यासोबत जेवता. हा कार्यक्रम १९९५ साली पाहांगमधल्या तमर्लोहजवळच्या देसा मुर्नी या गावांपासून सुरू झाला. सेलांगोरमध्ये सेपांगजवळचं बांगहुरिस, नगरी सम्बिलानमधलं लोनेक ही अशीच गावं. तिथं पाहुण्याला ‘आनाक आंगकात’, म्हणजे मानलेलं मूल, म्हणून घरात घेतात.

आरक्षण करताना तीन प्रश्न स्पष्ट विचारा. यजमान त्याच घरात राहतात का? ईदेच्या दिवसांत पाहुणे घेतात का? जेवण घरचं असतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांचीही मुलं वर्षातून एकदा घरी आलेली असतात. सणानंतरच्या आठवड्याची तारीख मागा.

प्रवास

उत्तर-दक्षिण महामार्ग ७७२ किलोमीटरचा आहे आणि सणाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत त्यावर तुंबलेल्या गाड्यांत दिवस जाऊ शकतो. परतीची गर्दी सणानंतरच्या शनिवार-रविवारी. पश्चिम किनाऱ्याला जायचं असेल तर क्वालालंपूरच्या के. एल. सेंट्रल स्थानकावरून सुटणारी ई. टी. एस. रेल्वे सगळ्यात उत्तम, पण सणाची तिकिटं खूप आधी विक्रीला येतात आणि हातोहात संपतात. विक्री सुरू झाल्याची बातमी आली की त्याच दिवशी काढा. दक्षिणेकडच्या बस टी. बी. एस. या स्थानकावरून सुटतात. केलांतानला जायचं तर रात्रीच्या बसपेक्षा कोटा बारूचं विमान बरं.

गावात ॲपवरची टॅक्सी मिळेल असं धरून चालू नका. स्थानकावर कोण घ्यायला येणार ते आधी ठरवा. आणि रोख पैसे सोबत असू द्या. सणाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मलय दुकानं, खानावळी बंद असतात, छोट्या गावातल्या एटीएममधली रोकडही संपते. औषधं, डासांचं मलम, मुलांचं दूध क्वालालंपूरहूनच घेऊन निघा. डेंग्यू तिथंही आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टधारकांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला जातो आहे. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून निघण्याआधी पुन्हा तपासा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते मोफत आहे. पासपोर्ट सहा महिने तरी वैध असावा. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

कपडे आणि भेटवस्तू

पुरुष सणाला बाजू मलायू घालतात: सैलसर सदरा, पायजमा, कमरेला गुंडाळलेलं, गुडघ्यापर्यंत येणारं साम्पिंग नावाचं वस्त्र, डोक्यावर काळी सोंगकोक टोपी. बायका बाजू कुरुंग, म्हणजे पायघोळ स्कर्टवर लांब सैल अंगरखा. अख्खं कुटुंब एकाच रंगात असतं. तुम्ही साधा कुडता-पायजमा किंवा अंग झाकणारा सलवार-कमीज घातलात तरी पुरे. बाजू कुरुंग विकत घेऊन घातलात तर घरातल्या बायका मनापासून खूश होतात, दोन जणी पुढे होऊन गळ्याची गुंडी नीट करून देतात. क्वालालंपूरमध्ये तुआंकू अब्दुल रहमान रस्त्यावर आणि मशीद इंडियाच्या गल्ल्यांत हे कपडे भरपूर मिळतात. डोकं झाकणं बिगरमुस्लिम बाईसाठी घरात आवश्यक नाही. मोजे मात्र धड असू द्या, कारण दिवसभर चपला-बूट काढत-घालत राहायचं आहे.

भेट म्हणून खजुराचा चांगला डबा किंवा संत्री न्या. घरून न्यायचं असेल तर कारखान्यात सीलबंद झालेली चिक्की, बाकरवडी. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ यजमानांना सांगा, म्हणजे त्यांना निर्धास्तपणे खाता येतं. खव्याची मिठाई तिथल्या दमट हवेत टिकत नाही. दारू, आणि जिलेटिन किंवा दारूचा अर्क असलेली चॉकलेटं चुकूनही नकोत.

मुलांसाठी ‘दुइत राया’ हवी. छोट्या पाकिटात घातलेली कोरी नोट, चिनी लोकांच्या लाल पाकिटावरून आलेली रीत. मलय पाकीट बहुतेक हिरवं असतं. सणाआधी बँका पाकिटं आणि नव्या नोटा देतात. मुलामागे एक ते पाच रिंगिट पुरेत. निरोप घेताना मूल हात हातात घेतं तेव्हा द्यायचं, सगळ्यांदेखत मोजून नाही. पंचवीस-तीस पाकिटं जवळ ठेवा. शेजारच्या घरांतली पोरं टोळीनं येतात, आणि पाकिटं संपली की त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

आदली रात्र

आमंत्रण असेल तर सणाच्या एक-दोन दिवस आधीच पोहोचा. माझ्या मते खरा सण हाच. रमजान अजून चालू असतो, म्हणून दिवसा लोकांसमोर खाऊ-पिऊ नका. मलय भाषेत रोज्याला ‘पुआसा’ म्हणतात, आणि हा आपला ‘उपवास’च आहे, हजारभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलेला. संध्याकाळी त्यांच्यासोबत रोजा सोडायला बसा.

अंगणात लेमांग भाजायला लावलेला असतो. बांबूच्या नळीत केळीचं कोवळं पान गुंडाळून सरकवायचं, त्यात चिकट तांदूळ आणि मीठ घातलेलं नारळाचं दूध, आणि नळ्या आडव्या दांडीला तिरप्या टेकवून निखाऱ्याजवळ चार-पाच तास फिरवत राहायचं. धूर डोळ्यात जातो, गप्पा रंगतात, म्हातारी माणसं सूचना देत राहतात. तुम्ही ‘मी काय करू?’ विचारलंत तर नळ्या फिरवायचं काम तुम्हाला मिळेल. घ्याच. आत बायका केतुपात विणत असतात. नारळाच्या कोवळ्या पानाच्या दोन पट्ट्या बोटांभोवती गुंडाळून चौकोनी पिशवी तयार होते, ती तांदळानं अर्धी भरून तासन्‌तास उकळायची. भात फुगतो, पण पिशवी त्याला पसरू देत नाही, म्हणून घट्ट वडी होते. हळदीच्या पानातली पातोळी करणाऱ्या कोकणी बाईला ही युक्ती पटकन उमगेल. माझ्या पहिल्या सहा पिशव्या सुटून गेल्या. सातवी आजीनं हात धरून करवून घेतली आणि तीच उकळत्या पातेल्यात टाकली.

अंधार पडल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना ‘पेलिता’, म्हणजे तेलाचे दिवे, लावतात. सत्ताविसाव्या रात्रीपासून अनेक गावं उजळलेली असतात. मशिदीतून तकबीर, म्हणजे ‘अल्लाहू अकबर’चा घोष, ऐकू येते, तिची चाल संथ आणि उदास असते. गेलेल्या माणसांची आठवण त्या सुरात आहे असं मला दरवेळी वाटतं. पोरं बांबूच्या तोफा उडवत असतील तर लांब राहा. दरवर्षी कुणाची तरी बोटं जातात.

सणाची सकाळ

पहाटे अंघोळी, नवे कपडे, दोन घास नाश्ता, आणि साडेआठच्या सुमाराला मशिदीत नमाज. मग माफी मागण्याचा तो कौटुंबिक प्रसंग, आणि बहुतेक घरांत त्याला जोडून कबरस्तानात जाणं. तिथं कबरीवर पाणी शिंपडतात, फुलांच्या पाकळ्या आणि केवड्याच्या जातीच्या पांदानची चिरलेली पानं वाहतात, कुराणातला यासीन हा अध्याय वाचतात. तुम्ही त्या घरात मुक्कामाला असाल तर या तीन-चार तासांत थोडं बाजूला व्हा. गावात फेरफटका मारा, स्वयंपाकघरात भांडी लावायला मदत करा. ‘तूही ये’ म्हणाले तर जा, मागे उभे राहा, फोन खिशात. बाहेरून येणार असाल तर सकाळी अकराच्या आधी दारात नको. दुपारी, जोहरची नमाज झाल्यावर, सगळ्यात चांगलं. संध्याकाळी सातनंतर पुन्हा थांबा. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ तिथं आपल्या तिन्हीसांजेसारखी जपतात. मुलांना घरात बोलावतात, पाहुण्यांनी तेव्हा येऊ नये.

जिन्यापासून चटईपर्यंत

जुनं मलय घर खांबांवर उभं असतं. खालून वारा जातो, पुराचं पाणीही. समोर जिना, जिन्याशी पाण्याचा रांजण. चपला खाली, पहिल्या पायरीच्या आधी. वर थेट चढू नका. खाली थोडं बाजूला उभं राहून हाक द्या आणि बोलावण्याची वाट पाहा. घरात बायका डोक्यावरचं वस्त्र काढून वावरत असू शकतात, त्यांना सावरायला क्षणभर मिळायला हवा.

‘आपा खाबार?’ म्हणजे काय खबर. उत्तर ‘खाबार बाइक’, बरं आहे. मग सणाचं वाक्य म्हणा: ‘सलामात हारी राया, माआफ जाहिर दान बातिन.’ माफ आणि जाहीर हे दोन शब्द तुम्हाला येतातच. बातिन म्हणजे आतलं. उघड घडलेल्या आणि मनातल्या मनात घडलेल्या, दोन्ही अपराधांची माफी असावी, असं ते वाक्य आहे. पाठ करून पोपटासारखं म्हणू नका, म्हणताना समोरच्याकडे बघा.

हात मिळवताना दोन्ही हात पुढे करा, समोरच्याच्या हाताला हलका स्पर्श, मग उजवा हात छातीवर. घट्ट दाबून हलवायचं नसतं. स्त्रीनं आपण होऊन हात पुढे केला नाही तर पुरुषानं करू नये, छातीवर हात ठेवून मान लववावी. उलटही तेच. वयस्कर माणसापुढून जाताना कंबरेत थोडं वाकून, उजवा हात खाली सोडून, ‘तुम्पांग लालू’ म्हणत जा. बोट दाखवायचं तर मूठ वळून उजव्या अंगठ्यानं.

पुढची पडवी म्हणजे सराम्बी, तिथं पुरुष पाहुणे बसतात. बायकांना आत, मुख्य घरात किंवा थेट स्वयंपाकघरात नेतात. नवरा-बायको वेगळे झालात म्हणून अवघडू नका, आतल्या गप्पा जास्त रंगतदार असतात असं माझी बायको सांगते. चटईवर पुरुषांनी मांडी घालावी, बायकांनी दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसावं. तळपाय कुणाकडे नकोत. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका.

नावानं हाक मारायची नाही. काकूच्या वयाच्या बाईला ‘माकचिक’, काकाच्या वयाच्या माणसाला ‘पाकचिक’, थोड्या मोठ्या पुरुषाला ‘आबांग’. थोड्या मोठ्या बाईला ‘काकाक’, ज्याचा शेवटचा क गिळला जातो आणि ऐकू येतं ‘काका’. ताईला काका म्हणायला मला बरेच दिवस लागले. पेराकमध्ये आजीला ‘ओपाह’ म्हणतात.

ताटात काय आहे

जेवणाला नाही म्हणायचं नाही, यजमान वाढत राहतात, पाच घरं फिरायची असतील तर पाच वेळा जेवायचं. म्हणून प्रत्येक घरी अगदी थोडं घ्या. अजिबातच जाणार नसेल तर पदार्थाला उजव्या हाताची बोटं लावून ओठांकडे न्यायची किंवा कणभर चाखायचं. याला ‘जामाह’ म्हणतात. समोर आलेलं अन्न तसंच टाकून गेलं की वाटेत अपघात घडतो अशी जुनी समजूत आहे, त्याला ‘कम्पुनान’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती काळजी आहे. तिचा मान ठेवा.

गोमांस न खाणाऱ्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी आता नीट वाचा. ‘दागिंग’ म्हणजे मांस, पण सणाच्या जेवणात त्याचा अर्थ बहुतेक वेळा गोमांस. ‘आयाम’ कोंबडी, ‘काम्बिंग’ बकरा. वाक्य असं: ‘साया ताक माकान दागिंग लम्बू’, मी गोमांस खात नाही. मलेशियातल्या यजमानांना हिंदू शेजाऱ्यांमुळे हे ठाऊक असतं, कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि बहुतेक घरी कोंबडीचा रेन्दांग असतोच. शाकाहार समजावणं जास्त अवघड. ‘भाजी’ म्हणून दिलेल्या पदार्थातही ‘बलाचान’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, सुकी कोळंबी किंवा ‘इकान बिलिस’ हे छोटे सुके मासे असू शकतात. सायुर लोदे या नारळाच्या रशातल्या भाजीत आणि शेंगदाण्याच्या रश्शातही विचारून घ्या. आणि ही गोष्ट ताटावर बसल्यावर सांगू नका, दोन दिवस आधी कळवा, म्हणजे ओपाह तुमच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवते.

निर्धास्त खाण्यासारखं: लेमांग, केतुपात, दोदोल, आणि गुळाचं पाणी भरलेले ओन्दे-ओन्दे. दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि ताडगूळ मोठ्या कढईत अर्धा दिवस घोटून केलेली काळी चिवट मिठाई. गोव्यातला दोदोल खाल्लेल्या माणसानं पहिला घास घेतला की तो थबकतो. नाव तेच, चवही जवळजवळ तीच. गोवा १५१० साली आणि मलाक्का १५११ साली पोर्तुगीजांच्या हाती गेलं, त्यानंतर दोन्ही बंदरांत जहाजांची ये-जा राहिली. बरण्यांमध्ये अननसाच्या टार्ट, बाहुलू नावाचे छोटे केक, आणि त्यांच्याशेजारी हमखास ‘मारुकू’, तमीळ शेजाऱ्यांकडून आलेली चकली. टार्ट आणि केकमध्ये अंडं असतं. प्यायला गुलाबाचं सरबत.

जेवताना उजवा हात. हातानं जेवणं आपल्याला शिकवावं लागत नाही, आणि यजमानांना ते पाहून फार बरं वाटतं. बोटं धुवायला पाण्याची झारी येते, त्यातलं पाणी पिऊ नका. आवडलं की ‘सदाप’ म्हणा.

फोटो

घराचे, जिन्याचे, लेमांगचे हवे तेवढे. माणसांचे विचारून. स्वयंपाकघरातल्या बायकांचे त्यांनी बोलावल्याशिवाय नकोत, आणि समाजमाध्यमांवर टाकण्याआधी वेगळी परवानगी घ्या. प्रत्येक कुटुंब एका रंगाच्या कपड्यांत जिन्यावर बसून फोटो काढतं. तो काढून देण्याचं काम तुम्ही पत्करा. त्यांच्यात फोटो काढणारा नेहमी फोटोबाहेर राहतो, तुमच्यामुळे त्या वर्षी सगळे एकत्र येतात.

निघताना

एका घरी पाऊण तास पुरेसा, कारण तुमच्यामागे दुसरे पाहुणे चढत असतात. उठताना ‘मिन्ता दिरी दुलू’, म्हणजे आता आज्ञा द्यावी. मुलांना पाकिटं, मोठ्यांना पुन्हा दोन्ही हात, ‘तरीमा कासी’, म्हणजे धन्यवाद. यजमानांना रोख पैसे देऊ नका, नोंदणीकृत होमस्टेचे पैसे समन्वयकाकडे द्यायचे असतात.

जिना उतरेपर्यंत कुणीतरी मागून धावत येईल आणि हातात डबा देईल, लेमांग आणि रेन्दांग भरलेला. नको म्हणू नका. आणि तो डबा रिकामा परत करू नका. रमजानभर शेजारीपाजारी ताटं फिरत असतात आणि परत येताना त्यांत काहीतरी असतंच, ही रीत आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मी पहिल्या वर्षी डब्यात काय घालावं कळेना म्हणून बायकोनं केलेल्या बेसनाच्या वड्या सहकाऱ्याकडे पाठवल्या. पुढच्या रायाला जिन्याखाली उभं राहून हाक दिली, तेव्हा ओपाहनं वरून आधी तेच विचारलं, वड्या आणल्यास का?